‘पात्र’ कोण ठरवितो? : सेवाभावी चित्रफितींच्या निमित्ताने

(१)

मराठीत ‘पात्र’ या शब्दाचे तीन अर्थ होतात. नाटकात जे सोंग घेऊन उभे राहते ते पात्र. भिक्षा ज्यात पडते ते भांडेही पात्रच. आणि शासनाच्या यादीत ज्याचे नाव लागते तो पात्र ठरतो. ज्याचे लागत नाही तो अपात्र. एरवी हे तीन अर्थ तीन ठिकाणी नांदतात. परंतु अलीकडे एक कलाप्रकार असा निघाला आहे की, त्यात एकाच माणसाला एकाच वेळी या तिन्ही अर्थांनी पात्र व्हावे लागते. सेवाभावी संस्थांसाठी स्वयंसेवकांनी विनामोबदला तयार केलेल्या चित्रफिती हा तो कलाप्रकार होय. त्यात वस्तीतील बाई कथेतले पात्र असते, तिच्या ओंजळीचे भिक्षेचे पात्र केलेले असते, आणि ती मदतीला पात्र आहे की नाही हे दूर कोठेतरी मोबाईलच्या पडद्यासमोर बसलेला अनोळखी माणूस ठरवितो.

या चित्रफितींची समीक्षा कोणी करीत नाही. चांगल्या हेतूने आणि फुकट केलेल्या कामाला नावे ठेवणे हा कृतघ्नपणा समजला जातो. साहित्याच्या क्षेत्रात ही भीड आपण केव्हाच सोडली. मार्च १९५८ मध्ये मुंबईला पहिले दलित साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून सहानुभूती आणि स्वानुभूती यांतील अंतर आपण मोजत आलो आहोत. दलितांविषयी कळवळ्याने लिहिणाऱ्या मध्यमवर्गीय लेखकाचा हेतू चांगला होता म्हणून आपण त्याची कथा तपासायची सोडली नाही. मग जो प्रश्न कथेला विचारला तो चित्रफितीला का विचारू नये? कथासंग्रहाच्या हजार प्रती खपायला वर्षे लागतात. चित्रफीत एका रात्रीत लाखभर लोकांपर्यंत जाते, आणि आपण कोण आहोत हे त्या लाखभर लोकांना सांगून मोकळी होते. म्हणून हा विषय मला साहित्याबाहेरचा वाटत नाही.

(२)

मी जळकोटला शिकवितो. घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. जळकोट हा लातूर जिल्ह्यातला, नांदेडच्या हद्दीला लागलेला, बालाघाटाच्या डोंगररांगांतला तालुका. जमीन मुरमाड, पाऊस बेभरवशाचा. ज्यांना जमीन नाही, किंवा आहे ती पोटाला पुरत नाही, ते दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. म्हणजे हिशेबाच्या वहीत माणसांची नोंदही हत्याराच्या नावाने होते. खाडा पडला की पैसे कापले जातात. पोरे एकतर फडावर जातात किंवा म्हाताऱ्या आजीजवळ राहतात. ती गावात राहून शिकावीत म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना शासनाने काढली. काही सेवाभावी संस्थाही असे काम करतात.

आमच्या भागात अशा मुलांची सोय पाहणाऱ्या एका संस्थेला देणग्यांसाठी चित्रफीत हवी होती. पैसे द्यायची ऐपत नव्हती. म्हणून ‘आपली कला समाजासाठी द्या’ असे आवाहन तिने महाविद्यालयाला केले. माझा एक विद्यार्थी मोबाईलवर फार चांगले चित्रण करतो. लग्नाचे, बारशाचे, जयंतीच्या मिरवणुकीचे व्हिडिओ करून तो फीचे पैसे उभे करतो. त्याचे नाव मीच सुचविले. पुढे जे झाले त्यातली माझी जबाबदारी मी आधीच कबूल करतो.

पोरगा त्याच वस्तीतला. ज्या बाईचे चित्रण त्याने केले तिला तो मावशी म्हणतो. मावशी चुलीपुढे बसून भाकरी थापत बोलली. उचल किती घेतली, त्यातले आजारपणात किती गेले, मागच्या हंगामात किती फिटले आणि किती अंगावर राहिले हे तिने आकड्यांनिशी सांगितले. टोळी पुरी भरावी म्हणून मुकादम पोरीलाही चल म्हणतो, आणि आपण तिला का नेत नाही, हेही तिने सांगितले. सहा-सात मिनिटांचे बोलणे. मी ते पाहिले तेव्हा मला वाटले की, अर्थशास्त्राच्या वर्गात हे लावावे.

ते चित्रण शहरातल्या दुसऱ्या एका स्वयंसेवकाकडे गेले. तोही फुकट काम करणारा, नोकरी सांभाळून रात्री जागणारा सज्जन माणूस. त्याने अडीच मिनिटांची चित्रफीत केली. त्यात उचल नव्हती, मुकादम नव्हता, कारखाना नव्हता. मावशीचा आवाजही नव्हता. तिच्या जागी एक गोड आवाज हिंदीतून तिच्याविषयी बोलत होता. मागे बासरी. आणि मध्यभागी एक दृश्य : मावशी पदराने डोळे पुसते आहे.

चित्रफीत चालली. देणग्या आल्या. वसतिगृहात नव्या गाद्या आल्या, दिवे आले. हे मी लपवीत नाही. लपवून समीक्षा होत नाही.

मावशीने ती चित्रफीत फडावर, भावाच्या मोबाईलवर पाहिली. परत आल्यावर ती माझ्या विद्यार्थ्याला म्हणाली, “माझं रडनं दावलं व्हय रं? म्या तर रडलेच नव्हते, धूर व्हता. आन् म्या बोललेलं कुटं गेलं?”

(३)

सौंदर्यशास्त्राची पुष्कळ पुस्तके मी वाचली व शिकविली. पण या कलाप्रकाराची इतकी नेमकी समीक्षा मला कोठे सापडली नाही. मावशीने दोन आरोप केले आहेत. पहिला, जे नव्हते ते दाखविले. दुसरा, जे होते ते काढून टाकले. पहिला रूपाविषयी आहे, दुसरा आशयाविषयी. आणि दोन्ही एकाच कात्रीने झाले आहे.

मी त्यानंतर अशा चित्रफिती मुद्दाम पाहू लागलो. त्यांचे एक ठरीव व्याकरण आहे. पहिल्या भागात रंग फिके, आभाळ राखाडी, चेहरा जवळून. दुसऱ्या भागात संस्था येते आणि रंग उजळतात. पोरे पाढे म्हणतात, हसतात. शेवटी बँकेचा खाते क्रमांक. दुःख आहे, पण दुःखाला कारण नाही. गरिबी पावसासारखी वरून पडलेली असते. माणसाचे फक्त पहिले नाव सांगतात. आडनाव गाळतात, कारण आडनावात जात दिसते, आणि जात दिसली की प्रेक्षक अस्वस्थ होतो. अस्वस्थ प्रेक्षक देणगी देत नाही, तो वाद घालतो. १९६३ साली बाबुराव बागुलांनी आपल्या कथासंग्रहाला नाव दिले होते, ‘जेव्हा मी जात चोरली होती’. तेव्हा जगण्यासाठी माणसाला स्वतःची जात चोरावी लागत होती. आता आमची जात आमच्या वतीने चित्रफीत चोरते, आणि त्याला सुरुची म्हणतात.

या व्याकरणात वाक्याचा कर्ता नेहमी दाता असतो. आम्ही कर्म असतो. ‘तुम्ही एका मुलीला शिकवू शकता’ हे वाक्य पाहा. त्यात मुलगी शिकत नाही, तिला शिकविले जाते. तिची आई चार महिने वाकून ऊस तोडते ती पोरगी गावात राहावी म्हणून, हे त्या वाक्यात बसतच नाही. वास्तविक त्या वसतिगृहाची पहिली देणगीदार ती आई आहे.

चित्र सर्वांना सारखे दुःखी दाखविते आणि व्यवहार मात्र माणसे मोजून घेतो, हे आमच्या जिल्ह्याला नवीन नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसे गाडली गेली. मदतीच्या गाड्यांबरोबर कॅमेरे आले. देशाने आणि जगाने जी चित्रे पाहिली त्यांत एकच दुःख होते. ढिगारा सवर्णांच्या वाड्याचा की भूमिहीनाच्या झोपडीचा हे चित्रात कळत नव्हते. परंतु पुनर्वसनात नवी घरे बांधली गेली तेव्हा घराचे क्षेत्रफळ जमीनधारणेवर ठरले. भूमिहीनाला व अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मोठ्या जमीनधारकाला ७५० चौरस फूट. मेलेली माणसे कोणाचीही सारखीच होती. तरीही भूकंपाआधीचा गाव भूकंपानंतर मोजून-मापून पुन्हा उभा केला गेला. करुणेच्या चित्राने हा प्रश्न विचारला नाही, कारण तो प्रश्न विचारणे हे त्या चित्राचे काम नव्हते. देणगी आणणे हे त्याचे काम होते, आणि ते त्याने चोख केले.

(४)

येथे कोणी म्हणेल की, कला ही चळवळीला किंवा सेवेला विनामोबदला देणे हेच मुळात चूक आहे असे तुम्हाला म्हणायचे आहे काय? मुळीच नाही. तसे म्हटले तर आपल्याला आपलाच इतिहास पुसावा लागेल.

आंबेडकरी जलसा म्हणजे काय होता? तो स्वयंसेवकांनी आपली कला कामाला देण्याचाच प्रकार होता. १९३० च्या दशकात नाशिक परिसरातून भीमराव कर्डकांचा जलसा गावोगाव गेला. पुढे वामनदादा कर्डकांनी (१९२२ ते २००४) सारे आयुष्य गाण्यात घातले. तमाशाचा साचा त्यांनी घेतला, गणातला देव बदलला, गवळणीतला चावटपणा काढून टाकला आणि सवाल-जवाबात मेलेली ढोरे ओढावीत काय, वतनाला चिकटून राहावे काय, पोरांना शाळेत घालावे काय, हे प्रश्न आणले. मानधन कोठले? भाकर-तुकडा मिळाला तरी पुष्कळ.

मग जलसा आणि आजची सेवाभावी चित्रफीत यांत फरक कोणता? माझ्या मते फरक तोंड कोणाकडे आहे एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे. जलशाचे तोंड वस्तीकडे होते. तो वस्तीविषयी दुसऱ्यांना सांगत नव्हता, वस्तीलाच तिच्याविषयी सांगत होता. त्यात हसू होते, टवाळी होती, आपल्याच माणसाच्या दारूवर कोरडे होते. कारण समोर बसलेला माणूस बदलू शकतो यावर जलसाकाराचा विश्वास होता. सेवाभावी चित्रफितीचे तोंड दात्याकडे आणि पाठ वस्तीकडे असते. वस्तीने ती पाहावी अशी तिची अपेक्षाही नसते. मावशीने ती पाहिली हा अपघात होता. त्या अपघातातूनच ही समीक्षा निघाली.

(५)

दुसऱ्यांच्या कामासाठी काढलेली सगळीच चित्रे एका दोरीत ओवणे अन्यायाचे होईल. काही उदाहरणे तपासू.

१९७६ चा श्याम बेनेगलांचा ‘मंथन’ घ्या. गुजरातच्या दूध सहकारी चळवळीतील ५ लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये घालून तो चित्रपट उभा केला. पटकथा विजय तेंडुलकरांची. ज्यांच्याविषयी चित्र आहे त्यांनीच त्याचे पैसे दिले, ही गोष्ट भारतीय चित्रपटात अपूर्व होती. पण पैसा पाच लाखांचा असला तरी कथेचा नायक बाहेरून आलेला डॉक्टरच राहिला. भोळा हा दलित तरुण रागीट, संशयी आणि समजावून सांगावा लागणारा. तथापि बेनेगल-तेंडुलकरांच्या प्रामाणिकपणाला दाद द्यावी लागते. कारण डॉक्टर निघून जातो आणि संस्था भोळाच्या हातात राहते. मालकी आणि नायकत्व या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली मिळाली म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही, हा ‘मंथन’चा धडा आहे.

आपल्या काळातले मोठे उदाहरण पानी फाउंडेशनचे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले. त्याच उन्हाळ्यात आमीर खान आणि किरण राव यांनी स्थापन केलेल्या या संस्थेने वरुड, आंबेजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत वॉटर कप ही स्पर्धा सुरू केली. २०१८ पर्यंत ती ७५ तालुक्यांत गेली. चित्रपटसृष्टीतील नामवंतांनी आपली कला तिच्यामागे उभी केली. या कामातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. समतल चर कसा आखावा, दगडी बांध कसा रचावा, पाणलोट म्हणजे काय, हे शिकविणाऱ्या फिती त्यांनी मराठीत काढल्या. त्या दात्यासाठी नव्हत्या, कर्त्यासाठी होत्या. ज्ञान खालपर्यंत पोहोचविणारी चित्रफीत ही जलशाच्या जवळची असते. २०१७ साली पहिले बक्षीस वर्धा जिल्ह्यातील काकडदरा या आदिवासी गावाने घेतले, हेही विसरता येणार नाही.

परंतु त्याच कामाविषयीच्या ‘तुफान आलंया’सारख्या कार्यक्रमांतून जी भाषा घरोघर गेली तिच्यातला एक शब्द माझ्या कानाला टोचतो : श्रमदान. ज्याच्याजवळ जमीन आहे, विहीर आहे, तो पहाटे उठून चर खणतो तेव्हा ते दान खरे तर गुंतवणूक असते. पाणी त्याच्या विहिरीत उतरते. ज्याच्याजवळ वीतभर जमीन नाही तो त्याच्या शेजारी उभा राहून तेवढाच खणतो. त्याचे पाणी कोठे उतरते? बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनदारीच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले ते महारांच्या अशाच विनामोल राबण्याच्या विरुद्ध. ज्यांच्या आज्याने वेठ केली त्याला ‘दान’ म्हणून फावडे हातात देताना निदान हा इतिहास ठाऊक असावा. गाव एक होऊन राबले हे दृश्य सुंदर असते यात शंका नाही. पण गाव एक होऊन राबले आणि पाण्याची वाटणी मात्र सातबाऱ्यावर झाली, हे दृश्यही काढले पाहिजे. महाडच्या तळ्यावर १९२७ साली आपण गेलो ते पाणी आहे की नाही हे पाहायला नव्हे. ते कोणाचे आहे हे विचारायला.

याउलट पुण्याचे उदाहरण पाहा. नाटककार-दिग्दर्शक अतुल पेठे यांनी सफाई कामगारांच्या जगण्यावर ‘कचराकोंडी’ हा माहितीपट काढला. पुष्कळ कलावंत येथे थांबले असते. पेठे तेथे थांबले नाहीत. २०१२ साली त्यांनी गो. पु. देशपांडे यांचे ‘सत्यशोधक’ हे नाटक रंगमंचावर आणले ते पुणे महानगरपालिकेतल्या सफाई कामगारांना घेऊन. कॅमेऱ्यासमोर कचरा उचलणारा माणूस आता जोतीरावांच्या चळवळीची गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगत होता. ‘पात्र’ या शब्दाचा अर्थ येथे बदलतो. जो कालपर्यंत विषय होता तो नट झाला. कलावंताने आपली कला दिली, म्हणजे काय दिले? त्याने आपली जागा दिली.

आनंद पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’चा (२०११) विचारही येथे करावा लागतो. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० माणसे मारली गेली, आणि काही दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. पटवर्धनांनी या विषयाला १४ वर्षे दिली. तीन तासांहून मोठ्या या चित्रपटात माणसे रडतात, पण रडून थांबत नाहीत; ती गातात, भांडतात, एकमेकांना खोडून काढतात, दिग्दर्शकाशीही वाद घालतात. येथे दुःखाला तारीख आहे, जागा आहे, आरोपी आहे. हा चित्रपट कोणाकडे काही मागत नाही. तो हिशेब विचारतो. वेळ देणे म्हणजे काय हे यावरून कळते. दोन रात्री जागून केलेली चित्रफीत आणि चौदा वर्षे वस्तीत जाऊन केलेला चित्रपट या दोघांनाही ‘समाजासाठी कला’ म्हणता येईल, पण एकाच तागडीत घालता येणार नाही.

आणखी एक पाऊल पुढे गेलेला प्रयोग गोव्यातून झाला. व्हिडिओ व्हॉलंटियर्स या २००३ साली निघालेल्या संस्थेने वस्त्या-पाड्यांतल्याच माणसांना कॅमेरा शिकविला व त्यांना वार्ताहर केले. २०१२ साली तिने ‘अनुच्छेद १७’ ही मोहीम काढली. अस्पृश्यता संपली असे राज्यघटना सांगते. ती कोठे-कोठे संपलेली नाही हे या वार्ताहरांनी आपापल्या गावातून चित्रित करून दाखविले. संस्थेच्या नावात ‘स्वयंसेवक’ हा शब्द आहे, पण वार्ताहराला चित्रफितीमागे मोबदला देण्याची पद्धत तिने ठेवली. हे मला योग्य वाटते. ज्याच्या घरी उद्याचा शिधा आहे तो कला दान करू शकतो. ज्याच्या घरी नाही त्याच्याकडून कला दान घेणे ही वेठीचीच सुधारलेली आवृत्ती होय. माझ्या विद्यार्थ्याने जो दिवस त्या चित्रणाला दिला त्या दिवशी त्याने एका लग्नाचे काम सोडले होते. हे त्याने मला सांगितले नाही. मला मागाहून दुसऱ्याकडून कळले.

(६)

आता सर्वांत अवघड आक्षेप. ‘तुमची समीक्षा ठीक आहे, पण गाद्या आल्या ना?’ असे मला एका सहकाऱ्याने विचारले. उत्तर द्यायला मला वेळ लागला, कारण मीही अशाच गादीवर वाढलो. वसतिगृहात असताना पाहुणे आले की आम्हाला रांगेत उभे करीत. ब्लँकेट हातात देताना छायाचित्रकाराचे जमले नाही, तर ते परत घेऊन पुन्हा देत. त्या ब्लँकेटची ऊब खोटी नव्हती. पण पुन्हा हात पुढे करतानाची ती शरम मी आजपर्यंत विसरलो नाही. ऊब आणि शरम एकाच ब्लँकेटमध्ये शिवून का द्यावी, एवढाच माझा प्रश्न आहे.

दानाचा तिरस्कार आपल्या परंपरेत नाही. दहा पारमितांत दान आहे, करुणाही आहे. बुद्धाच्या हातातील भिक्षापात्राने कोणाची मान खाली गेली नाही; कारण ते पात्र जेवढे घेत होते त्याहून अधिक देत होते. परंतु बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात स्पष्ट केले आहे की, बुद्ध करुणेपाशी थांबला नाही, तो मैत्रीपर्यंत गेला. करुणा करणारा उभा राहून खाली पाहतो असे पुष्कळदा होते. मैत्री करणाऱ्याला शेजारी बसावे लागते. चित्रफितीच्या भाषेत बोलायचे तर कॅमेरा चुलीच्या उंचीवर आणावा लागतो. आणि तेथे आणला की कॅमेऱ्यालाही धूर लागतो.

तेव्हा जे कार्यकर्ते, विद्यार्थी, शिक्षक असे काम करतात त्यांनी ते सोडावे असे मी म्हणत नाही. त्यांनी काही प्रश्न आधी विचारावेत. जिचे चित्रण केले तिला ती चित्रफीत सर्वांच्या आधी दाखविली काय? तिने ‘हे काढ’ म्हटले तर काढण्याची तयारी आहे काय? तिचा आवाज तिच्याच बोलीत ऐकू येतो काय, की आमच्या बोलीची लाज वाटून तिच्यावर दुसऱ्याचा आवाज चढविला आहे? दुःखाबरोबर त्याचे कारण सांगितले आहे काय? आणि ज्याने काम केले त्याला पोटापुरते दिले काय? या प्रश्नांची उत्तरे देऊनही देणगी येते की नाही हे पाहावे. येत नसेल तर तीही एक माहिती आहे : दात्याला काय पाहायचे नाही हे त्यावरून कळते.

(७)

हे सारे लिहून मी थांबलो असतो तर लेख नीटनेटका झाला असता. परंतु पुढे एक गोष्ट घडली आणि तिने माझाही थोडा पाडाव केला.

मूळची सहा-सात मिनिटे माझ्या विद्यार्थ्याजवळ शाबूत होती. एप्रिलमध्ये टोळ्या परतल्या. जयंतीच्या आदल्या रात्री त्याने वस्तीत पांढरी चादर बांधून ते चित्रण जसेच्या तसे दाखविले. कोणी रडले नाही. उचलीचा आकडा आला तेव्हा एका म्हाताऱ्याने मोठ्याने हिशेब केला आणि मावशीचा हिशेब दोन ठिकाणी चुकल्याचे सांगितले. बायका हसल्या. मग कोणाचे किती फिटले, कोणाचे किती अंगावर राहिले यावर बोलणे सुरू झाले ते उशिरापर्यंत चालले. मला जलशाची आठवण झाली, आणि आपले म्हणणे सिद्ध झाले असे वाटून मी खूश झालो. मी मावशीला म्हणालो, “हे आपण सगळ्यांना पाठवू. लोकांना खरं कळू द्या.”

ती म्हणाली, “नगं सर. मुकादमानं बघितलं तर पुढल्या साली उचल कोन देईल? तुमी देताव का?”

मला उत्तर देता आले नाही. ज्या शहरी स्वयंसेवकाने तिला न विचारता तिचे बोलणे कापले त्याच्यावर मी इतकी पाने लिहिली. आणि मीही तिला न विचारता तिचे बोलणे जगजाहीर करायला निघालो होतो. त्याने तिला दयेसाठी पात्र ठरविले. मी तिला विद्रोहासाठी पात्र ठरवीत होतो. ठरविणारे आम्ही दोघेच होतो.

ते चित्रण कोठेही पाठविलेले नाही. मावशीच्या सांगण्यावरून विद्यार्थ्याने त्याची एक प्रत तिच्या मुलीच्या मोबाईलमध्ये घालून दिली आहे. मुलगी आता बारावीत आहे. ते केव्हा, कोणाला दाखवायचे हे त्या दोघी ठरवतील.